पांगाऱ्याचा मरुत

मित्रांनो, मी एक जुनं लाकडी विमान आहे. वर्षांनी म्हणाल तर फार जुना नाही, पण लाकडाचं म्हातारपण लवकर दिसतं. माझ्या पोटाला एक बारीक चीर गेली आहे, पुढचं चाक उंदराने कुरतडलं आहे, आणि काचेच्या जागी बसवलेलं प्लॅस्टिक पिवळं पडलं आहे. मी आयुष्यात एकदाही उडालो नाही. उडण्यासाठी मला कुणी केलंच नव्हतं. मी फक्त माणसांच्या हातांतून फिरलो.

माझं नाव मरुत. याच नावाचं एक खरं लढाऊ विमान फार वर्षांपूर्वी आपल्या देशात, बंगळुरात तयार झालं होतं. ते लढाईत गेलं, परत आलं, आणि पुढे नवी विमानं आल्यावर त्याला निवृत्ती मिळाली. आता ते संग्रहालयांत उभं असतं. त्या विमानाची लांबी, रुंदी, उंची सगळं अठ्ठेचाळीस पटींनी लहान केलं, की मी होतो. मी फूटभरापेक्षा थोडासाच लांब आहे, पण मापात कुठेही खोटा नाही. असं म्हणताना मला अजूनही अभिमान वाटतो, तो तुम्ही गोड मानून घ्या.

मला करणाऱ्याचं नाव सोमेश्वर. धारूरच्या अलीकडे, बालाघाटाच्या उतारावर एक वाडी आहे. तिथे म्हाळू आणि मनकर्णा हे मेंढपाळ नवरा-बायको राहतात. सोमेश्वर त्यांचा थोरला मुलगा आणि सुकन्या धाकटी मुलगी.

सोमेश्वर लहान असताना एका दुपारी बापाबरोबर माळावर मेंढरं चारत होता. अचानक दोन लढाऊ विमानं डोंगराला घासून जावीत इतक्या खालून गेली. आधी विमानं गेली आणि मागून आवाज आला. मेंढरं चहूकडे उधळली. म्हाळू काठी उगारून ओरडत धावत होता, आणि सोमेश्वर मान वर करून जागच्या जागी उभा होता.

"अरे वळव की त्यास्नी! बघतोस काय?"

"आबा, त्यांचे पंख मागं झुकलेले होते," सोमेश्वर म्हणाला.

म्हाळूने कपाळावर हात मारून घेतला. "पंख बघ तू. मेंढरं जाऊ दे खड्ड्यात!"

त्या दिवसापासून सोमेश्वर विमानांमागे लागला. आधी धुळीत काटकीने, मग पाटीवर, मग मिळेल त्या कागदावर तो विमानं काढायचा. पुढे घरात मोबाइल आला आणि त्याला विमानांच्या आकृत्या मिळू लागल्या. एकच विमान वरून, बाजूने आणि समोरून कसं दिसतं, अशा तीन आकृत्या असतात. त्या तो तासन्‌तास बघत बसायचा. विमानाने किती बॉम्ब टाकले हे इतर पोरं विचारायची. सोमेश्वरला मात्र पंख पोटाला नेमका कुठे जोडलाय आणि शेपूट वर का उचललंय, हे हवं असायचं. लढाईपेक्षा त्याला घडण आवडायची.

कॉलेजला असताना तो हवाई दलाच्या भरतीला जाऊन आला. घरी त्याने एवढंच सांगितलं की छाती हवी तेवढी फुगली नाही. मनकर्णाने ते मनावर घेतलं. त्या दिवसापासून ती त्याच्यापुढे शेळीच्या दुधाचा तांब्या आणून ठेवू लागली.

"पी. छाती भरंल. पुढच्या येळंला जा."

"माय, पुरं आता. पोट फुगायलंय, छाती न्हाई."

"पी म्हणते ना मी!"

तो निमूट प्यायचा. पण पुढच्या वेळेला तो गेलाच नाही. आकृत्यांचे कागदही त्याने पेटीत टाकून दिले.

मग एका वावटळीत बांधावरच्या पांगाऱ्याची जाड फांदी मोडून पडली. पांगाऱ्याचं लाकूड हलकं आणि मऊ असतं. म्हाळूने फांदी सरपणाला ओढून आणली. सोमेश्वरने ती हातात घेतली, वजन जोखलं, नखाने साल उकरली आणि आकृत्यांचे कागद पेटीतून पुन्हा बाहेर काढले. माझा जन्म तिथून धरायचा.

खरं सांगायचं तर पहिला मी नव्हे. माझ्याआधी त्याने एक धड कोरलं होतं. ते लाटण्यासारखं सरळ झालं. आकृतीत मरुतच्या अंगाला मध्येच कंबर आहे, ती छपाईतली चूक असेल असं त्याला वाटलं होतं. ती चूक नाही हे कळल्यावर ते धड चुलीत गेलं. माझ्या त्या थोरल्या भावावर सगळ्यांचा चहा झाला.

दुसऱ्या खेपेला त्याने माझी कंबर कोरायला घेतली, तेव्हा सुकन्या शेजारी बसून शेंगा निवडत होती.

"दादा, ह्याची कंबर कावून एवढी बारीक? उपाशी हाय का बिचारं?"

"पंख जिथं लागतेत तिथंच बारीक हाय बघ," तो म्हणाला. "जोरात जाताना इमानाला हवा बाजूला सारावी लागती. पंख आले की आणखी हवा सारावी लागती. म्हणून तिथं अंग चोरायचं. आपला कळप वाटनं चाललाय आन् दोन्ही अंगांनी बाभळी आल्या, तर मधली मेंढरं दबून चालतेत का न्हाई? तसंच."

सुकन्याने माझ्याकडे नीट बघितलं. "म्हंजे शहाणं हाय."

माझे पंख जुन्या सागवानी फळीच्या पातळ कापाचे आहेत. चाकांचे दांडे सायकलच्या तारांचे, टायर चपलेच्या रबराचे. वैमानिकाच्या डोक्यावरचं झाकण पाण्याच्या बाटलीच्या बुडाचं, गरम करून साच्यावर ओढलेलं. काच कागदाने तो मला इतका घासायचा की मनकर्णा म्हणायची, "एवढं अंग तू सोताचं घासलं असतंस तर गोरा झाला असतास."

मी लाकडाचा तयार झालो आणि रंगापाशी येऊन थांबलो. आठवड्यामागून आठवडे गेले, तरी तो रंगाचे डबे उघडेना. का, ते एका संध्याकाळी कळलं.

मेंढपाळांच्या घरोघरी आपापल्या मेंढरांच्या पाठीवर रंगाची खूण करतात. पाण्यावर दोन कळप मिसळले तरी आपली कोणती ते त्या खुणेवरून ओळखायचं. म्हाळूच्या मेंढरांची खूण तांबडी. शेजारच्या आश्रुबाच्या मेंढरांची हिरवी. त्या संध्याकाळी सोमेश्वर कळप घेऊन आला आणि थोड्याच वेळात आश्रुबा काठी आपटत दारात हजर झाला.

"म्हाळू, तुझ्या पोरानं माझ्या मेंढ्या आणल्यात हाणून! पाठीवर हिरवी खूण ढळढळीत दिसती. सोम्या, डोळे कुठं ठिवून आलास बे?"

"इमानात ठिवलेत त्यानं," म्हाळू म्हणाला, आणि दोघेही हसले. सोमेश्वरही हसला.

सुकन्या मात्र हसली नाही. तिने दाराआडून बघितलं होतं. आत कोंडण्याआधी सोमेश्वरने त्या मेंढ्यांच्या पाठी वाकून वाकून तपासल्या होत्या, आणि तरीही कोंडल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी तिने शेतातून दोन ताज्या मिरच्या तोडून आणल्या. एक हिरवी, एक पिकून लाल झालेली. त्याच्यापुढे धरून म्हणाली, "ह्यातली लाल उचल."

त्याने दोन्ही उलटसुलट करून बघितल्या. वास घेतला. मग तिच्याकडे बघितलं आणि त्याच्या लक्षात आलं.

"भरतीला एक पुस्तक होतं," तो हळू आवाजात म्हणाला. "पानापानावर ठिपके. बाकीचे पोरं भराभरा आकडे वाचायले होते. मला नुसते ठिपकेच दिसले. डॉक्टर काय रागावले न्हाईत. नुसती मान हलवली. छाती-बिती काय नव्हतं ते."

"आन् माय तुला दूध पाजती!"

"तिला सांगू नको. आबाला तर अजिबात न्हाई. मेंढपाळाच्या पोराला खूण दिसत न्हाई म्हणल्यावर माझ्या हातात कळप कोण देईल? आन् हे इमान..." त्याने माझ्याकडे बोट केलं. "लोक म्हणतेल आंधळ्यानं केलंय. मग माप किती का बरोबर असंना, कुणी बघणार न्हाई."

मित्रांनो, सोमेश्वर आंधळा नव्हता हे मी तुम्हाला सांगायला नको. उजेड-अंधार, जवळ-लांब, केसाएवढी रेघ, सगळं त्याला दिसायचं. फक्त हिरवा, तांबडा आणि तपकिरी हे तिघे त्याच्या डोळ्यांत एकाच घरचे होऊन जायचे. पण ज्या गोष्टीची लाज वाटते ती माणूस कुणाला समजावून सांगत नाही. झाकून ठेवतो.

सुकन्याने ते झाकायला मदत केली. मरुतच्या पाठीवर हिरवे आणि मातकट तपकिरी असे वेडेवाकडे पट्टे असतात. वरून बघणाऱ्याला विमान जमिनीत मिसळून जावं, म्हणून. सोमेश्वर पेन्सिलीने पट्ट्यांच्या कडा आखायचा, आणि कुठे कोणता रंग ते ती बोट ठेवून सांगायची. तिने रंगांना नावंही ठेवली होती. हिरव्याला शेवाळ आणि तपकिरीला ढेकूळ.

"हितं शेवाळ. हळू! भाहेर चाललंय. आता हितं ढेकूळ."

आईबाप समोर असले की ती नुसती खोकायची. एकदा खोकली की शेवाळ, दोनदा खोकली की ढेकूळ. मनकर्णाने तिला आल्याचा काढा करून दिला.

असं करत माझं धड, शेपूट आणि उजवा पंख पुरा झाला. आसपासच्या वाड्यांवरून माणसं मला बघायला यायची. कुणी मला उन्हात धरायचं, कुणी कंबरेवरून बोट फिरवायचं. सोमेश्वर बाजूला उभा राहून बघणाऱ्यांची तोंडं बघायचा. माझ्या आयुष्यातले ते सुखाचे दिवस होते.

तेवढ्यात सुकन्याचं लग्न ठरलं. स्थळ युसूफ वडगावचं, बागायतदाराच्या घरचं. हळद लागायच्या आदल्या दिवशी तिने घाईघाईत एक दगड उचलला आणि हिरव्या रंगाच्या डब्याचा काठ ठोकून चेमटवला.

"चेमटलेला डबा हिरवा. साधा डबा ढेकूळ. आता माझ्याबिगर डावा पंख रंगवता येईल तुला."

"येईल की," तो म्हणाला. पण ती गेल्यावर त्याने डबेही उघडले नाहीत आणि मलाही हात लावला नाही.

मी आढ्याखालच्या फळीवर गेलो. शेजारी लोकर कातरायची कातर आणि गेल्या सालची बेण्याची कणसं. चिमण्या माझ्या शेपटीवर बसायच्या. उंदराने चाक कुरतडलं ते तेव्हाच. खाली सोमेश्वर जेवायचा, कळप काढायचा, घरी यायचा. मान वर करून कधी बघत नसे. अर्धवट राहिलेल्या वस्तूकडे बघणं फार अवघड असतं, हे मला त्या फळीवर कळलं.

वर्ष उलटलं. नागपंचमी जवळ आली आणि सुकन्याचा फोन आला. मनकर्णाने फोनचा आवाज मोठा करून ठेवला होता, म्हणून मलाही ऐकू आलं.

"दादा, पंचमीला मुराळी म्हणून तूच ये. आन् येताना इमान आण. आमचे एक चुलत सासरे हायेत, धर्मराज तात्या. हवाई दलातून रिटायर झालेत. जवानीत ते मरुतच्याच देखभालीला होते म्हणे! मी सांगितलं, माझ्या भावानं मरुत केलाय. तवापासून रोज इचारतेत, कधी येणार तुझा भाऊ?"

सासरी गेलेल्या बहिणीला सणाला माहेरी आणायला जो भाऊ जातो, त्याला मुराळी म्हणतात. त्याला नाही म्हणता येत नाही. सोमेश्वरने मला फळीवरून उतरवलं, ओल्या फडक्याने पुसलं आणि डावा पंख रंगवायला घेतला. भर दुपारी, दारात, लख्ख उजेडात. चेमटलेला डबा त्याने चाचपून निवडला आणि उघडला.

मित्रांनो, इथे एक गोष्ट घडून गेली होती, ती त्याला ठाऊक नव्हती. मनकर्णा ही काही टाकून न देणारी बाई. तिच्या घरात तेलाच्या डब्यात डाळ असते आणि डाळीच्या डब्यात सुतळी. आषाढात मेंढरं कातरून झाल्यावर त्यांच्या पाठीवर नव्या खुणा केल्या. थोडा तांबडा रंग उरला. चेमटलेल्या डब्यातला हिरवा तोवर वाळून पापडी झाला होता. तिने ती पापडी सुरीने खरवडली, डबा रॉकेलने विसळला आणि उरलेला तांबडा त्यात ओतून झाकण लावलं. तिच्या लेखी डबा म्हणजे डबा.

कुंचला माझ्या पंखाला लागला आणि मला कळलं. पण मी लाकूड. मी काय सांगणार? सोमेश्वर जीव ओतून रंगवत होता. कडा एवढ्या स्वच्छ आल्या होत्या की सुकन्यालाही त्या जमल्या नसत्या. मनकर्णा धुणं घेऊन समोरून गेली. तांबडा पंख तिने बघितला, पण विमान कसं असतं ते तिला कुठे ठाऊक! "चांगलं दिसायलंय," ती म्हणाली. सोमेश्वर खुलला. मग त्याने मला घोंगडीत गुंडाळलं.

म्हाळूही बरोबर निघाला. त्याला वडगावच्या बाजारात कळपासाठी एक एडका, म्हणजे नर मेंढा, बघायचा होता. जीपमध्ये मी सोमेश्वरच्या मांडीवर होतो. रस्त्यात खड्डा आला की त्याचा हात माझ्यावर घट्ट व्हायचा.

सुकन्याच्या सासरी ओसरीवर माणसं जमली होती. धर्मराज तात्या खुर्चीत बसले होते. उंच, पांढऱ्या मिशांचे, पायात कॅनव्हासचे बूट. सोमेश्वरने त्यांच्या पायाला हात लावला, घोंगडी उलगडली आणि मला त्यांच्या हातात दिलं.

तात्यांनी मला हातात घेतलं ते एखाद्या तान्ह्या बाळासारखं. अंगठा कंबरेवरून फिरवला. डोळे मिटले, पुन्हा फिरवला. "कंबर बरोबर," ते पुटपुटले. "अगदी बरोबर. शेपटाचा कोन बी. पोरा, कुठून माप घेतलंस रे?" मग त्यांनी मला उजेडात धरलं, आणि त्यांचं बोलणं मध्येच थांबलं.

सुकन्याचा दीर विजयसिंह पुढे वाकला. "तात्या, हे कसलं हो इमान? एक पंख लढाईला निघालाय आन् दुसरा कुंकू लावून लग्नाला!"

ओसरी खदखदून हसली.

सोमेश्वरने माझ्याकडे बघितलं. मग हसणाऱ्यांकडे, मग पुन्हा माझ्याकडे. त्याच्या डोळ्यांना माझे दोन्ही पंख सारखेच दिसत होते. सगळे कशाला हसताहेत हे त्या सबंध ओसरीवर एकट्या त्यालाच कळत नव्हतं. मित्रांनो, मी फळीवर धूळ खात पडलो होतो तेव्हाही मला इतकं वाईट वाटलं नव्हतं.

सुकन्या दारातून पुढे आली. तिचा चेहरा उतरला होता, पण आवाज तिने ताठ ठेवला. "हसायला काय झालं? रंग संपला असंल. मीच म्हणले होते, जो असंल तो लाव आन् ये."

वाट मोकळी झाली होती. सोमेश्वरने नुसती मान हलवली असती तरी ती गोष्ट तिथेच मिटली असती. पण म्हाळू उठून जवळ आला आणि पंखावर बोट घासून म्हणाला, "हा तर आपला मेंढरांच्या खुणेचा तांबडा! सोम्या, हा कावून लावलास? हिरवा न्हवता का?"

सोमेश्वरने बहिणीकडे बघितलं. तिने डोळ्यांनीच खुणावलं, बोलू नको. मला वाटतं त्याला झाकून ठेवण्याचा कंटाळा आला होता.

"आबा, मला हिरवाच वाटला," तो म्हणाला. "हिरवा आन् तांबडा मला येगळा दिसत न्हाई. आधीपासून."

ओसरीवरचं हसू थांबलं. म्हाळूने पंखावरचं बोट काढलं.

"म्हंजे आश्रुबाच्या मेंढ्या..."

"व्हय."

"आन् ती भरती?"

"तिथं बी तेच. छातीचं मी खोटं सांगितलं."

म्हाळू तिथेच खाली बसला. "एवढी वर्सं झाली, अन् सांगितलं न्हाईस? बापाला सांगायचं न्हाई तर कुणाला?"

"तुमी आश्रुबासंगं हसला होता, आबा."

म्हाळूने डोक्याचं पागोटं काढून मांडीवर ठेवलं. मग तो स्वतःशीच बोलावं तसं म्हणाला, "तुझ्या मायचा बाप. म्हातारा कधी मेंढराच्या खुणेकडं बघायचाच न्हाई. तोंड बघून वळखायचा. आमी म्हणायचो, लई कसबी माणूस. त्याला बी दिसत नसंल, बघ. मेला तरी बोलला न्हाई."

धर्मराज तात्यांनी मला अजून खाली ठेवलं नव्हतं.

"सोमेश्वर, हिकडं बस," ते म्हणाले. "आमच्याकडं काम कसं चालायचं सांगू? एकानं बोल्ट आवळायचा आन् दुसऱ्यानं येऊन तपासायचा. कितीबी मोठा कारागीर असू दे, तपासल्याबिगर इमान हलायचं न्हाई. माझं काम माझ्यापेक्षा ल्हान पोरं तपासायचे. त्यात कुणाला लाज न्हवती. उलट तपासू न देणाऱ्याचीच भीती वाटायची. तुझं काम चुकलं न्हाई पोरा. तुला तपासणारा न्हवता, एवढंच."

"मी होते की," सुकन्या म्हणाली.

"तू चोरून होतीस," तात्या म्हणाले. "चोरून तपासणं काय कामाचं? तू गेलीस, त्यानं काम सोडलं."

विजयसिंह मघापासून जमिनीकडे बघत होता. तो सोमेश्वरजवळ सरकला. "माफ करा पाव्हणं. मला काय माहीत?"

"तुमाला कसं असंल माहीत," सोमेश्वर म्हणाला. "मी कुठं सांगितलं होतं?" मग त्याने सुकन्याला विचारलं, "लई फरक दिसतोय का गं?"

"लई," ती नाक पुसत म्हणाली. "लईच. गेरू फासलेल्या एडक्यासारखा दिसतोय."

त्यावर आधी सोमेश्वर हसला, मग सगळे हसले. या वेळी कशाला हसतोय हे त्यालाही माहीत होतं.

पंचमीला सुकन्या माहेरी आली, झोक्यावर बसली, आठ दिवस राहून परत गेली. तिने डावा पंख रंगवून देते म्हटलं, तर सोमेश्वर नको म्हणाला. ती गेल्यावर तो मला घेऊन धारूरच्या बाजारात रंगाच्या दुकानात गेला. दुकानात गर्दी होती. वाडीची ओळखीची दोन-चार माणसंही होती. दुकानदाराने छटांचं कार्ड पुढे टाकलं. सोमेश्वरने ते परत त्याच्याकडे सरकवलं.

"ह्यातला हिरवा कोणता, तेवढं दाखवा," तो म्हणाला. आवाज जरा मोठाच निघाला. "मला हिरवा दिसत न्हाई."

दुकानदाराने वर बघितलं. "कसला हिरवा पाहिजे? पोपटी, का गडद?"

"गडद. जुना वाटावा असा."

"मग हा घ्या." आणि तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. झालं एवढंच. आभाळ काही कोसळलं नाही.

दारात बसून सोमेश्वरने पंख घासला आणि नव्याने रंगवायला घेतला. शेजारी म्हाळू बसला. म्हाळू जन्मात कधी कुंचल्याजवळ बसला नव्हता, पण रानातल्या हिरव्यांची त्याची ओळख जुनी.

"आबा, कसा हाय?"

"मेथीचा हिरवा न्हाई हा. बाभळीच्या जून पाल्याचा हाय. चालंल का तसा?"

"तसाच पाहिजे."

"मग चालव हात. तिकडं नको, तिथं माती हाय. आता हाय बरोबर. हाण!"

मनकर्णाला सगळं कळल्यावर ती आधी दुधाच्या तांब्याबद्दल रागावली, मग स्वतःच्या बापाबद्दल रडली. आता ती डबा रिकामा करण्याआधी हाक मारून विचारते.

त्यालाही आता वर्षं झाली. माझ्यानंतर सोमेश्वरने कितीतरी विमानं केली. त्यांतली काही शाळांच्या कपाटांत आहेत, एक धर्मराज तात्यांच्या उशाशी असतं. कळप आता सोमेश्वरच सांभाळतो. मेंढरं तोंडावरून ओळखायला तो म्हाळूकडून शिकला. आणि विमान रंगवायला बसला की वाटेने जाणाऱ्या कुणालाही हाक मारतो. परवा आश्रुबालाच धरून बसवलं होतं. "अरे, मला मेंढरं हाणायचीत बे!" म्हणत आश्रुबा पूर्ण पंख होईपर्यंत बसून राहिला. हिरवा दाखवताना तो फारच गंभीर होतो.

मित्रांनो, माझं आता फार मागणं नाही. मला पाण्याने धुऊ नका, उन्हात ठेवू नका, उंदरांपासून जपा. मला उचलायचं असेल तर पंखांना धरून नको, पोटाखाली हात घालून उचला. आणि कधी तुमच्या वर्गातल्या, घरातल्या, शेजारच्या कुणी तुमच्यापुढे एखादी वस्तू धरून विचारलं, "हा रंग कोणता?", तर त्याच्याकडे टकमक बघू नका. हसू नका. हळहळूही नका.

नुसता रंग सांगा.